मृत्यूचे कारण : ताप

इंग्रजी अमदानीत वऱ्हाडातल्या एखाद्या गावात कोणी दगावले, की त्याची वर्दी वर पाठवण्याचे काम गावच्या पोलीस पाटलाकडे किंवा कोतवालाकडे असे. मृत्यूच्या कारणासाठी नोंदवहीत मोजकेच रकाने होते : पटकी, देवी, ताप, आमांश-हगवण, अपघात आणि इतर कारणे. पुढे त्यांत प्लेग आणि श्वसनाचे विकार यांची भर पडली. पटकी ओळखायला डॉक्टर लागत नसे. देवीचे फोड घरच्यांनाही कळत. पण अंग तापले, माणूस काही दिवस अंथरुणावर पडला आणि गेला, यापलीकडे ज्याच्याबद्दल काहीच सांगता येत नव्हते, त्याची नोंद ‘ताप’ या रकान्यात होई. त्या काळातले आरोग्य खात्याचे वार्षिक अहवाल पाहिले, तर जवळपास प्रत्येक प्रांतात सर्वांत मोठा आकडा याच रकान्यात दिसतो. वऱ्हाडही त्याला अपवाद नव्हते.

मित्रहो, आज माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांचा प्रश्न फार वेगळा नसतो. “डॉक्टर, महिना होत आला. रोज संध्याकाळी ताप भरतो. मलेरिया निघाला नाही, डेंग्यू निघाला नाही, टायफॉइडचा कोर्स झाला. मग हा ताप आहे तरी कशाचा?”

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात वैद्यकशास्त्राची गेली दीडशे वर्षे गेली आहेत. ‘ताप’ नावाच्या त्या एका मोठ्या रकान्यातून एकेक आजार बाहेर काढून त्याला स्वतःचे नाव देण्याचा हा इतिहास आहे. तो मी आज सांगणार आहे, कारण जुनाट तापाच्या रुग्णाने काय करावे आणि काय टाळावे, हे त्यातूनच नीट समजते.

दिवस मोजून ठेवलेली नावे

सूक्ष्मदर्शक नव्हता तेव्हाही माणसे तापाकडे लक्ष देऊन पाहत होती. थंडी वाजून येतो तो हिवताप. ठराविक दिवस घेतल्याशिवाय उतरत नाही तो मुदतीचा ताप. आयुर्वेदात विषमज्वराचे पाच प्रकार सांगितले आहेत : संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक आणि चतुर्थक. ताप सलग राहतो, दिवसातून दोनदा येतो, एकदा येतो, एक दिवस सोडून येतो की दोन दिवस सोडून येतो, यावरून ही विभागणी झाली.

हे निरीक्षण अचूक होते. मलेरियाचे जंतू रक्तातल्या तांबड्या पेशींत वाढतात आणि पेशी फोडून एकाच सुमारास बाहेर पडतात. त्या वेळी थंडी वाजून ताप भरतो. व्हायवॅक्स जातीच्या जंतूंना हे चक्र पूर्ण करायला सुमारे ४८ तास लागतात, मलेरी जातीच्या जंतूंना ७२ तास. म्हणजे दिवसाआड येणारा आणि चौथ्या दिवशी येणारा ताप ही आपल्या पूर्वजांनी फक्त दिवस मोजून केलेली नोंद होती. मुदतीचा ताप म्हणजे बहुधा टायफॉइड. औषध नसताना तो तीन-चार आठवडे चालायचा.

नावांचा एक घोळ मात्र लक्षात ठेवा. जुन्या ग्रंथांत ‘विषमज्वर’ म्हणजे चढउतार होणारा, मलेरियासारखा ताप. आजच्या मराठी पुस्तकांत हाच शब्द टायफॉइडसाठी वापरतात. त्यामुळे आजोबांना ‘विषमज्वर’ झाला होता असे घरात सांगत असतील, तर तो नेमका कोणता ताप होता हे नुसत्या नावावरून कळत नाही.

ताप मोजण्याची शिस्त आली एकोणिसाव्या शतकात. जर्मनीतल्या लाइपझिग येथील डॉ. कार्ल वुंडरलिख यांनी सुमारे २५ हजार रुग्णांच्या तापमानाच्या नोंदी जमवल्या आणि १८६८ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हाचा थर्मामीटर जवळपास फूटभर लांब असे आणि तो बराच वेळ काखेत धरून बसावे लागे. त्याच सुमारास इंग्लंडच्या डॉ. क्लिफर्ड ऑलबट यांनी सहा इंची थर्मामीटर तयार केला. तो पाच मिनिटांत तापमान दाखवी आणि डॉक्टरच्या खिशात मावे. वुंडरलिख यांच्या कामाचा मोठा धडा असा, की ताप हा स्वतः आजार नसून आजाराचे लक्षण आहे. आणि लक्षण मोजून कागदावर मांडले, तर त्याच्या चढउतारातून आजाराचा माग लागतो. तुमचा डॉक्टर तुम्हाला ‘तापाचा तक्ता ठेवा’ म्हणतो, त्याचे मूळ इथे आहे.

रक्ताचा थेंब आणि कोयनेलची पुडी

१८८० मध्ये अल्जीरियात फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हेराँ यांना मलेरियाच्या रुग्णाच्या रक्तात जंतू दिसले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात तेच जंतू सापडले आणि मलेरिया डासामार्फत पसरतो या सिद्धान्ताला भक्कम पुरावा मिळाला. ‘ताप’ या रकान्यातला एक मोठा वाटेकरी आता रक्ताच्या एका थेंबावरून ओळखता येऊ लागला.

औषध आधीपासून होतेच. सिंकोना झाडाच्या सालीपासून काढलेले क्विनीन, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडचे ‘कोयनेल’. सरकारने ते पोस्टातून स्वस्त पुड्यांत विकायला सुरुवात केली. त्या कडू पुडीने असंख्य जीव वाचवले. पण तिच्यामुळे एक सवयही लागली : ताप आला की कोयनेल. ज्यांना मलेरिया होता ते बरे झाले. ज्यांना टायफॉइड, क्षय किंवा आणखी काही होते, त्यांचे दिवस त्यात गेले. कारण न शोधता एकच औषध सर्वांना देण्याची ही सवय पुढे मोडली नाही, फक्त औषध बदलले. त्याबद्दल पुढे सांगतो.

१८९६ मध्ये पॅरिसचे डॉ. फर्नांद विडाल यांनी टायफॉइडसाठी रक्ताची तपासणी शोधून काढली. आज आपल्या तालुक्याच्या प्रत्येक लॅबमध्ये होणारी ‘विडाल’ ती हीच. सव्वाशे वर्षांपूर्वी ती मोठीच झेप होती. पण तिच्या मर्यादा तुम्हाला माहीत असायला हव्यात. तापाच्या पहिल्या आठवड्यात ती बऱ्याचदा निगेटिव्ह येते, कारण शरीराला प्रतिपिंडे तयार करायला वेळ लागतो. उलट पूर्वी कधी टायफॉइड किंवा त्याच्याशी मिळताजुळता संसर्ग होऊन गेला असेल, लस घेतली असेल, तर टायफॉइड नसतानाही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. पहिल्या आठवड्यात खरी उपयोगाची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर. रक्तातले जंतू वाढवून त्यांना प्रत्यक्ष ओळखायचे. मात्र हे रक्त अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी घ्यावे लागते. ही अट विसरू नका.

कपडे दूर करून तपासणारा डॉक्टर

त्याच वर्षी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईतल्या मांडवी भागात तापाने माणसे झपाट्याने मरू लागली. डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगास यांनी रुग्ण तपासले, जांघेतल्या आणि काखेतल्या गाठी पाहिल्या आणि हा प्लेग असल्याचे जाहीर केले. हे निदान सुरुवातीला अनेकांना पटले नाही, पण पुढे तपासण्यांनी ते खरे ठरवले. मराठीत या आजाराला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत, म्हणजे गाठी येणारा ताप. पुढच्या वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रेल्वे आणि व्यापाराच्या वाटांनी प्लेग देशभर पसरला.

या घटनेतून रुग्णाने घ्यायचा धडा साधा आहे. तापाचे कारण पुष्कळदा अंगावरच लिहिलेले असते, पण ते नेहमी चेहऱ्यावर नसते. मानेतली, काखेतली, जांघेतली गाठ, पोटात हाताला लागणारी प्लीहा, तळहातावरचे पुरळ, हृदयाच्या ठोक्यात नव्याने ऐकू येणारा आवाज, किडलेली दाढ, पाठीच्या एखाद्या मणक्यावर दाबल्यावर होणारी वेदना. ताप आठवड्याहून जास्त रेंगाळला, तर डॉक्टरांना पूर्ण अंग तपासू द्या. विशेषतः घरातल्या बायका आणि म्हाताऱ्या माणसांना संकोच वाटतो, ‘बाहेरून बघून गोळ्या द्या’ असा आग्रह असतो. तो संकोच महागात पडतो.

१९१८ : रकाना भरून वाहिला

१९१८ च्या जून महिन्यात मुंबई बंदरातून एन्फ्लुएंझाची साथ देशात शिरली. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आलेली दुसरी लाट भयंकर ठरली. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सर्वांत जास्त फटका बसलेल्या प्रदेशांपैकी एक होता.

आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही मुंबई-नागपूर लोहमार्गावरची स्टेशने. जलंबहून खामगावला कापसासाठी काढलेला फाटा १८७० पासून सुरू होता. साथ रेल्वेच्या वाटेने आत शिरली आणि तिथून गाडीवाटांनी खेड्यांत गेली, असे त्या काळच्या अहवालांतून देशभराचे चित्र दिसते. मरणाऱ्यांत वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे जास्त होती. देशातल्या मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटीपर्यंत जातात. आणि गावच्या नोंदवहीत यातले बहुतेक मृत्यू कुठे लिहिले गेले? ‘ताप’ या रकान्यात. त्यामुळे साथीत नेमके किती गेले हे काढताना पुढच्या अभ्यासकांना वेगळाच हिशेब करावा लागला : त्या महिन्यांतले तापाचे मृत्यू एरवीपेक्षा किती वाढले ते पाहायचे. वाढलेला फरक तो एन्फ्लुएंझा. ज्याला नाव दिले नाही, त्याला मोजताही येत नाही, आणि त्यावर उपायही ठरवता येत नाही.

नवे ताप, जुने ताप

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटू लागले. १९४८ मध्ये टायफॉइडवर क्लोरॅम्फेनिकॉल गुणकारी असल्याचे दिसले आणि मुदतीच्या तापाची मुदत आठवड्याच्या आत आली. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, घरोघर डीडीटी फवारले गेले. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत देशातले मलेरियाचे रुग्ण वर्षाला एक लाखाच्या आसपास उतरले. पुढे ढिलाई झाली आणि १९७६ मध्ये ती संख्या ६४ लाखांवर गेली.

याच काळात आपल्या विदर्भाने वैद्यकशास्त्राला एक नवे नाव दिले. १९६५ मध्ये नागपुरात तापाची मोठी साथ आली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, रुग्णांच्या रक्ताचे नमुने तपासले. बहुतेकांत चिकुनगुनिया आणि डेंग्यू सापडला. पण दोन रुग्णांच्या रक्तात निघालेला विषाणू कशाशीच जुळेना. तो नवा होता. नागपुरातल्या ज्या भागातून तो मिळाला, त्यावरून त्याचे नाव ‘चांदीपुरा’ ठेवले गेले. तेव्हा तो फार घातक वाटला नव्हता. २००३ मध्ये मात्र आंध्र प्रदेशात आणि विदर्भात लहान मुलांच्या मेंदूज्वराच्या साथीत तोच सापडला. २०२४ मध्ये गुजरातेत त्याने पुन्हा डोके वर काढले. हा ताप रेंगाळत नाही. मूल सकाळी तापते, संध्याकाळपर्यंत झटके येऊन बेशुद्ध होते. म्हणून पंधरा वर्षांखालच्या मुलाला तापात झटका आला, ते गुंगीत गेले, तर घरी वाट पाहत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.

चिकुनगुनियाचीही कथा अशीच. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची साथ आली. नंतर सुमारे तीन दशके तो देशात जवळपास दिसेनासा झाला. इतका, की २००६ मध्ये तो मराठवाडा-विदर्भात परतला तेव्हा डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीने तो कधी पाहिलाच नव्हता. सांधे धरून वाकत चालणारी माणसे दवाखान्यांच्या दारात रांगा लावत होती आणि नावात ‘चिकन’ ऐकू येते म्हणून लोक कोंबडी खाणे सोडत होते. प्रत्यक्षात हे नाव आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतले आहे आणि त्याचा अर्थ दुखण्याने वाकणे असा आहे.

गोठ्यातले आणि शेतातले ताप

आता आपल्या घाटावरच्या आणि घाटाखालच्या शेतकरी घरांशी थेट संबंध असलेले तीन ताप सांगतो. ‘रिपोर्ट नॉर्मल, पण ताप जात नाही’ अशा रुग्णांत ते वारंवार लपलेले असतात.

पहिला ब्रुसेलोसिस. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना महिनोन्महिने चढउतार होणारा ताप येई. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी मृत सैनिकांच्या प्लीहेतून त्याचे जंतू वेगळे केले. पण ते येतात कुठून हे कळायला १९०५ उजाडले. डॉ. थेमिस्टोक्लीस झामित यांनी वरून धडधाकट दिसणाऱ्या शेळ्या तपासल्या आणि त्यांच्यात हा संसर्ग सापडला. सैनिकांना न तापवलेले शेळीचे दूध बंद केले आणि आजार आटोक्यात आला. म्हणून लांबलेल्या तापात डॉक्टर तुम्हाला विचारतात : कच्चे दूध पिता का? घरात शेळ्या आहेत का? एखादी गाय-शेळी मध्येच गाभडली होती का? तिचे बाळंतपण उघड्या हातांनी केले का? हे प्रश्न उगाच नसतात.

दुसरे रिकेट्सियाचे ताप. यात गोचिडीमुळे होणारा ताप येतो, त्याचप्रमाणे गवत-झुडपांतल्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफसही येतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या भागात स्क्रब टायफसने बळी घेतले तेव्हा हे नाव पहिल्यांदा घरोघर पोहोचले. पण आपल्या शेजारच्या अकोल्यातल्या बालरोगतज्ज्ञांनी त्याआधीच अशा तापांचे अनेक बालरुग्ण पाहून, ते लवकर कसे ओळखावेत याची गुणपद्धती २०११ मध्ये प्रसिद्ध केली होती. तळहात-तळपायांवर येणारे पुरळ, अंगावर सूज, घरात गुरे किंवा कुत्री, गोचिडीचा संपर्क ही त्यातली महत्त्वाची खूण. स्क्रब टायफसमध्ये कधी कधी विडी-सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी, न दुखणारी खपली दिसते, तीही काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, स्तनांखाली. पाहिली नाही तर सापडतच नाही. आणि महत्त्वाची गोष्ट : दवाखान्यात सर्रास दिली जाणारी पेनिसिलीन किंवा सेफालोस्पोरिन गटातली इंजेक्शने या जंतूंवर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध वेळेत मिळाले, तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरू लागतो. उशीर झाला, तर मूत्रपिंड, फुप्फुस आणि मेंदूपर्यंत आजार जातो.

तिसरा आणि आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचा, क्षयरोग. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. टीबी म्हणजे खोकला, अशी लोकांची समजूत असते. पण टीबी गाठींत, पोटात, मणक्यात, फुप्फुसाच्या आवरणात, मेंदूच्या आवरणात, अगदी हाडांच्या मगजातही होतो. तेव्हा खोकला नसतो, छातीचा एक्स-रे स्वच्छ असू शकतो. असतो फक्त संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम आणि सैल होत जाणारे कपडे.

शंभर रुग्ण आणि तीन आठवडे

‘कारण न सापडलेला ताप’ कशाला म्हणायचे, हे १९६१ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट पीटर्सडॉर्फ आणि पॉल बीसन या डॉक्टरांनी ठरवले. तीन आठवड्यांहून जास्त काळ, वेळोवेळी १०१ अंश फॅरनहाइटच्या वर जाणारा आणि रुग्णालयात आठवडाभर तपासूनही न उलगडलेला ताप, ही त्यांची व्याख्या. अशा शंभर रुग्णांचा त्यांनी पाठपुरावा केला. ३६ जणांत कुठला तरी संसर्ग निघाला, १९ जणांत कर्करोग. काहींत संधिवातासारखे, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचे आजार होते. सुमारे सात जणांत शेवटपर्यंत कारण सापडले नाही. १९९१ मध्ये ही व्याख्या सुधारली गेली. आता त्यासाठी आठवडाभर भरती राहण्याची गरज उरली नाही.

यातून दोन गोष्टी घ्या. एक, बहुतेकांचे कारण सापडले, पण त्याला वेळ आणि चिकाटी लागली. दोन, ते कारण बहुधा कुठला जगावेगळा आजार नव्हते. नेहमीचाच आजार वेगळ्या वेशात आलेला होता.

‘तीन आठवडे’ या अटीमागेही विचार आहे. साधे विषाणूजन्य ताप तोवर आपोआप बरे होतात. त्यांच्या पलीकडे जो टिकतो, त्याचा शोध घेतलाच पाहिजे. याचा अर्थ तीन आठवडे घरी बसावे असा नाही. तीन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टरला दाखवा. आठवडा झाला तर रक्ताचे कल्चर, लघवी, यकृताच्या तपासण्या, एक्स-रे, गरज पडल्यास सोनोग्राफी यांबद्दल विचारा. त्यापुढे फिजिशियनच्या देखरेखीखाली पद्धतशीर तपास व्हायला हवा.

आजचा नवा रकाना

दीडशे वर्षांत आपण त्या जुन्या रकान्यातून इतके आजार बाहेर काढले. तरीही आज रुग्णांच्या फाइली चाळताना मला तोच रकाना नव्या नावाने दिसतो. ‘व्हायरल’, ‘टायफॉइडचा असर’, ‘अंगात ताप मुरला’. दोन दिवस एका डॉक्टरकडे, दोन दिवस दुसऱ्याकडे, मध्ये मेडिकलवरून स्वतः आणलेल्या गोळ्या, एक सलाईन, दोन इंजेक्शने. पूर्वी कोयनेलची पुडी होती, आता अँटिबायोटिकची पट्टी आहे.

यात नेमके नुकसान काय होते? समजा, हृदयाच्या झडपेवर जंतू बसले आहेत. अर्धवट अँटिबायोटिकने ताप चार दिवस दबतो, कल्चरमध्ये जंतू उगवत नाहीत, आणि झडप मात्र आतून खराब होत राहते. समजा, टीबी आहे. क्विनोलोन गटातल्या गोळ्यांनी, म्हणजे लेव्होफ्लॉक्सासिनसारख्या औषधांनी, काही दिवस बरे वाटते आणि निदान आठवडे पुढे जाते. समजा, स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले. ताप जादूसारखा उतरतो, भूक लागते, आणि आत संसर्गाला मोकळे रान मिळते. कधी कधी तर औषधाचीच ॲलर्जी होऊन ताप येत राहतो आणि त्यावर आणखी औषधे दिली जातात. ताप उतरवणे आणि आजार बरा करणे यांत हे अंतर आहे.

तुमच्या हातात काय आहे

• तक्ता ठेवा. दिवसातून चार वेळा तापमान, वेळ आणि घेतलेली गोळी लिहा. उन्हातून आल्याआल्या मोजू नका, अर्धा तास सावलीत बसा. मे महिन्यात घाटाखाली हे फार महत्त्वाचे आहे.

• प्रत्येक चिठ्ठी, रिपोर्ट आणि रिकामी पट्टीसुद्धा एका पिशवीत ठेवा. ‘पांढरी गोळी होती’ यावरून काहीच कळत नाही.

• लपवू नका. कच्चे दूध, गोचीड, गावोगावी झालेला प्रवास, घरातला जुना टीबी, झाडपाल्याचे औषध, मधुमेह, एचआयव्ही. उत्तर कदाचित यातच असते.

• अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी ‘आधी कल्चर पाठवू का?’ असे नम्रपणे विचारा. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही. पण रुग्ण अत्यवस्थ असेल, तर कल्चरचे रक्त घेऊन लगेच औषध सुरू करावे लागते, तिथे निकालाची वाट पाहायची नसते.

• दर दोन दिवसांनी डॉक्टर बदलू नका. दुसरे मत जरूर घ्या, मात्र सगळी कागदपत्रे घेऊन.

• श्वास लागणे, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके, मान ताठणे, लघवी कमी होणे, रक्तस्राव, सतत उलट्या, गरोदरपणातला ताप, दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप : यांत एक दिवसही थांबू नका.

आज मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याने होते. त्यात कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र द्यायचे असेल, तर डॉक्टरला मूळ आजाराचे नाव लिहावे लागते. नुसते ‘ताप’ लिहून भागत नाही. माझे एवढेच म्हणणे आहे की हे नाव शोधण्याची घाई माणूस जिवंत असताना झाली पाहिजे. ताप रेंगाळला तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना “ताप उतरवा” म्हणण्याआधी “ताप कशाचा आहे?” हे विचारा. उत्तर पहिल्या दिवशी मिळेलच असे नाही. पण ते मिळेपर्यंत तक्ता आणि कागदांची पिशवी घेऊन पुन्हा पुन्हा येत राहा.